एक्झॉस्ट बदलताना धातू कसा निवडावा: कोकणातल्या मोटारीवरून शिकलेल्या गोष्टी

माझ्या मोटारीला बाहेरून बसवून घेतलेला सायलेन्सर तिसऱ्या पावसाळ्यात सडला, तेव्हा वरवर पाहता तो जवळजवळ नवा दिसत होता. गाडी रत्नागिरीत, समुद्रापासून फार तर दोन किलोमीटरवर उभी असते, त्यामुळे खाऱ्या वाऱ्याने त्याला खाल्ले असणार असे मी धरून चाललो होतो. काढलेला सायलेन्सर ग्राइंडरने उभा कापून पाहिला आणि ही समजूत तिथेच मोडली. वरच्या अर्ध्या भागातला पत्रा शाबूत होता. खालच्या अंगाला, मागचे झाकण जिथे जोडलेले असते त्या कडेने, बोटभर रुंदीच्या पट्ट्यात पत्रा कागदासारखा पातळ झाला होता आणि त्यावर ओलसर, तपकिरी, आंबूस वासाचा गाळ बसला होता. गंजाची सुरुवात आतून झाली होती आणि बाहेरचा चंदेरी रंग शेवटच्या दिवसापर्यंत ते झाकत राहिला होता.

याचे कारण साधे रसायनशास्त्र आहे. पेट्रोलमधला हायड्रोजन जळतो तेव्हा पाणी तयार होते, आणि हिशेब केला तर एक लिटर पेट्रोलमागे साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने एक्झॉस्टमधून बाहेर पडते. लांबच्या प्रवासात ते सगळे वाफ होऊनच निघून जाते. पण घर ते बाजार, बाजार ते शाळा अशा दहा मिनिटांच्या फेऱ्यांत मागचा सायलेन्सर शंभर अंशांपर्यंतही नीट तापत नाही. मग वाफ आतच थंड होते, पाणी तळाला साचते, ज्वलनातून आलेली आम्ले त्यात विरघळतात आणि गाडी रात्रभर तशीच उभी राहते. म्हणून एक्झॉस्टसाठी धातू निवडताना मी पहिला प्रश्न असा विचारतो की हा तुकडा कोणत्या जागी बसणार आहे, तिथे किती उष्णता येते आणि तिथे पाणी साचते की नाही. एकच धातू पुढपासून मागपर्यंत योग्य ठरेल असे क्वचितच घडते, आणि ‘संपूर्ण स्टेनलेस’ एवढ्या एका शब्दावर पैसे मोजणाऱ्याच्या पदरात बहुधा भलतेच काहीतरी पडते.

काय बदलायचे, हे आधी ठरवावे

कामाला हात घालण्यापूर्वी कायद्याची मर्यादा स्पष्ट असावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. आवाज आणि प्रदूषणाची मानके मोडणारी गाडी चालवल्यास कलम १९०(२) लागू होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात पहिल्या गुन्ह्यालाही तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने लायसन्स गमावण्याची तरतूद आहे. कॅटलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू निरुपद्रवी करणारा डबा, थोडक्यात ‘कॅट’) किंवा डिझेल गाडीतला पार्टिक्युलेट फिल्टर (काजळी अडवणारी गाळणी) काढून तिथे सरळ पाइप टाकणे हा या लेखाचा विषय नाही आणि तो कोणी करूही नये. बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या पेट्रोल गाडीत कॅटच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे ऑक्सिजन सेन्सर असतात, त्यामुळे अशी छेडछाड लगेच डॅशबोर्डवरच्या दिव्यात दिसते. तो दिवा कोणी बंद करून दिला, तरी हवेत जाणारे विष बंद होत नाही.

त्यामुळे पुढचे सगळे विवेचन मुख्यतः कॅटच्या मागच्या भागासाठी आहे. मधला पाइप, रेझोनेटर (आवाज कमी करणारा मधला छोटा डबा), मागचा सायलेन्सर आणि टेलपाइप एवढाच हा भाग, आणि तो मूळ मापाचा, मूळ आवाजाच्या आसपास राहणारा असावा. वॉरंटीत असलेल्या गाडीवर हे काम करण्यापूर्वी कंपनीचे लेखी उत्तर घ्यावे. मॅनिफोल्डविषयीही, म्हणजे इंजिनातून निघणारा धूर एकत्र करणाऱ्या पहिल्या तुकड्याविषयी, थोडे लिहिले आहे, कारण तडा गेलेला मॅनिफोल्ड बदलण्याची वेळ जुन्या गाड्यांवर येतेच.

उष्णतेचा नकाशा

गाडीखाली शिरून पुढून मागे पाहत गेले, तर एक्झॉस्टचे चार वेगळे प्रदेश दिसतात. इंजिनाला लागून असलेल्या मॅनिफोल्डमध्ये साध्या पेट्रोल इंजिनाचा वायू पूर्ण भाराखाली ८०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. टर्बो पेट्रोलमध्ये तो त्याच्याही वर जातो. डिझेलचा वायू तुलनेने थंड असतो आणि रोजच्या चालवण्यात तो बराच वेळ ४०० अंशांच्या आतच राहतो. दुसरा प्रदेश कॅट आणि त्याच्या लगेच मागचा पाइप. हमरस्त्यावर इथे ४०० ते ६०० अंश सहज असतात, आणि डिझेल गाडीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा त्या भागात सुमारे ६०० अंश होतात. तिसरा प्रदेश मधल्या पाइपचा, जिथे ३०० ते ४५० अंश धरून चालावे. चौथा प्रदेश मागच्या सायलेन्सरचा, जो लांब प्रवासात दोन-तीनशे अंशांवर असतो आणि शहरातल्या छोट्या फेरीत कोमटच राहतो.

पुढच्या टोकाला धातूचा शत्रू उष्णता असते आणि मागच्या टोकाला पाणी. मधल्या भागात दोन्ही थोडे थोडे असतात, आणि भरीला चाकांनी उडवलेला चिखल, खडी आणि किनाऱ्यावरचे मीठ असते. हा नकाशा एका कागदावर काढून प्रत्येक तुकड्याची लांबी, व्यास आणि जोड लिहून ठेवावेत. दुकानात बोलताना हा कागद हातात असला, की समोरच्याच्या बोलण्याचा सूर बदलतो असा माझा अनुभव आहे.

धातूंची ओळख

सर्वांत स्वस्त म्हणजे साधे माइल्ड स्टील. ते सहज वाकते, कोणत्याही वेल्डिंगने जोडले जाते आणि रस्त्याकडेच्या दुकानात तेच वापरले जाते. पण त्याला स्वतःचे संरक्षण काहीच नसते. चंदेरी उष्णतारोधक रंग बाहेरून लावता येतो, आतून लावता येत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत, रोज लांब धावणाऱ्या गाडीवर ते काही वर्षे निभावेल. कोकणात आणि मुंबईत मात्र ते घेऊ नये, कारण दोनदा मजुरी देण्यात काही अर्थ नाही. याच किमतीच्या आसपास कोणी जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाइप सुचवला, तर साफ नाही म्हणावे. जस्त ४१९ अंशांनाच वितळते, त्यामुळे गरम भागात त्याचा उपयोग नाही, आणि तो पाइप वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर कारागिराला ताप आणतो.

त्याच्या वरची पायरी अॅल्युमिनाइज्ड स्टीलची. यात साध्या पोलादावर अॅल्युमिनियम आणि सिलिकॉनचा गरम मुलामा दिलेला असतो. साधारण साडेसहाशे अंशांपर्यंत हा मुलामा टिकतो आणि मधल्या पाइपसाठी हा खरोखर चांगला, कमी खर्चाचा पर्याय आहे. त्याची दुखरी जागा म्हणजे जोड. वेल्डिंगच्या उष्णतेने मुलामा जळून जातो आणि कापलेल्या कडा उघड्या पडतात. त्यामुळे अशा पाइपला वेल्ड जितके कमी तितके बरे, आणि प्रत्येक वेल्ड घासून स्वच्छ करून त्यावर अॅल्युमिनियमचा उष्णतारोधक रंग लावून घ्यावा.

यानंतर स्टेनलेस. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण स्टेनलेस हे एका धातूचे नाव नसून मोठ्या कुळाचे नाव आहे. मोटार कंपन्या मूळ एक्झॉस्टसाठी बहुतांशी ४०९ हा ग्रेड वापरतात. त्यात क्रोमियम साधारण ११ टक्के असते, निकेल जवळजवळ नसते, आणि टायटॅनियम घालून तो स्थिर केलेला असतो. याला चुंबक चिकटतो आणि वर्षभरात त्यावर तपकिरी झाक येते. ती पाहून मालक घाबरतो, पण हा गंज पृष्ठभागावरच राहतो आणि पत्रा आत बराच काळ टिकतो. ४०९ ला चकाकी नाही म्हणून तो हलका समजू नये. याच घराण्यातले ४३९ आणि ४४१ हे ग्रेड १७-१८ टक्के क्रोमियममुळे गंजाला आणखी चांगले तोंड देतात. किरकोळ बाजारात हवा त्या मापाचा पाइप या ग्रेडमध्ये शोधावा लागतो, पण मिळाला तर मी तो डोळे झाकून घेईन.

३०४ हा सर्वांच्या ओळखीचा ग्रेड. स्वयंपाकघरातल्या चांगल्या भांड्यांचा हाच. यात १८ टक्के क्रोमियम आणि किमान ८ टक्के निकेल असते, पाइप सहज मिळतो, वेल्ड चांगला होतो आणि पाण्यापुढे तो ४०९ पेक्षा कितीतरी सरस ठरतो. मागच्या सायलेन्सरसाठी आणि मधल्या पाइपसाठी बहुतेक वाचकांनी हाच निवडावा असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याचे दोन स्वभाव ओळखून घ्यावेत. पहिला असा की तो तापल्यावर जास्त वाढतो. दीड मीटरचा पाइप ४०० अंशांनी तापला, तर ३०४ सुमारे १० मिलिमीटर लांबतो आणि ४०९ सुमारे ७. ही वाढ सामावून घेणारा फ्लेक्झिबल तुकडा आणि मोकळे हँगर (पाइप गाडीखाली टांगून धरणारे आकडे) नसतील, तर ताण वेल्डवर येतो आणि पाइप वेल्डच्या शेजारी तडकतो. दुसरा असा की तो ४२५ ते ८६० अंशांच्या पट्ट्यात फार वेळ राहिला, तर त्याच्यातले क्रोमियम कार्बनशी जोडले जाऊन कणांच्या कडांशी अडकते आणि त्या कडांना गंज लागू शकतो. म्हणून वेल्ड होणाऱ्या कामासाठी कमी कार्बनचा ३०४एल मिळाला तर तोच घ्यावा.

अगदी किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी ३०४ कडून एक चुकीची अपेक्षा धरलेली असते, ती म्हणजे तो कधीच डागाळणार नाही ही. मालवण, अलिबाग, गुहागरच्या हवेतले मीठ त्यावर चहाच्या डागासारखे ठिपके आणते आणि ते तसेच राहिले तर बारीक खड्डे पडतात. ३१६ ग्रेडमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने तो मिठापुढे अधिक टिकतो. गाडी कायम समुद्राकाठी उघड्यावर उभी असेल तर फक्त मागच्या सायलेन्सरच्या बाहेरच्या पत्र्यासाठी आणि टेलपाइपसाठी ३१६एल चा खर्च मला योग्य वाटतो. इतरांनी ३०४ घेऊन उन्हाळ्यातही पंधरवड्यातून एकदा खालून साध्या पाण्याचा फवारा मारावा. पावसाळ्यात पाऊसच हे मीठ धुऊन नेतो. पावसाआधीचे चार कोरडे महिने अधिक वाईट, कारण तेव्हा मीठ साचतच जाते.

मॅनिफोल्डसाठी हिशेब वेगळा. कंपनीचा ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड जड असतो, पण उष्णता सोसण्यात त्याचा हात धरणारे फार थोडे. तडा गेला असेल तर तसाच नवा किंवा उत्तम स्थितीतला जुना आणून बसवणे हेच मी सुचवेन. पाइपचा करायचाच असेल तर ३२१ ग्रेड घ्यावा. त्यात टायटॅनियम असल्यामुळे वर सांगितलेला कार्बनचा दोष टळतो आणि साडेआठशे अंशांच्या आसपासही तो तग धरतो. टायटॅनियमविषयी बरेच कुतूहल असते. पोलादाची घनता सुमारे ७.९ असताना त्याची ४.५ आहे, म्हणजे वजन निम्म्याच्या जवळ येते. पण साध्या ग्रेडचे बळ तीन-चारशे अंशांनंतर झपाट्याने घटते, त्यामुळे त्याची जागा मागच्या भागातच, आणि ते वेल्ड करणारा जाणकार हात सहज मिळत नाही. इन्कोनेल हा निकेलवर आधारित मिश्रधातू शर्यतीच्या गाड्यांचा आहे, आणि रोजच्या मोटारीने त्याच्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

विकत घेताना खातरजमा

फसवणूक सर्वांत जास्त इथेच होते. आपल्याकडे २०० मालिकेतले २०१, २०२ आणि जे४ हे स्टेनलेस फार मोठ्या प्रमाणावर विकले जाते. त्यात महाग निकेलची जागा मँगनीजने घेतलेली असते. रेलिंग, टेबल, कपाटाच्या मुठी यांसाठी ते ठीक आहे, पण एक्झॉस्टच्या आम्लयुक्त पाण्यात आणि खाऱ्या हवेत ते लवकर हार मानते. डोळ्यांना ते ३०४ सारखेच दिसते आणि तितकेच चकाकते. सुरुवातीला सांगितलेला माझा सायलेन्सरही मला ‘तीनशेचार’ म्हणूनच विकला गेला होता. विकणाऱ्याने चुंबक लावून दाखवला होता, तो चिकटला नाही, आणि माझे समाधान झाले होते.

चुंबकाची परीक्षा इथे अपुरी आहे हे पक्के लक्षात ठेवावे. चुंबक चिकटला नाही, यावरून एवढेच कळते की हा ४०९ किंवा साधे पोलाद नाही. २०० मालिकेलाही तो चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ चा पाइप वाकवलेल्या जागी किंचित चुंबकीय होतो, म्हणून तिथे हलकी ओढ लागली तरी तो नकली ठरत नाही. मँगनीज ओळखणारे परीक्षणद्रव छोट्या बॅटरीसह मिळते. पाइप घासून त्यावर एक थेंब टाकून तारा टेकवल्या की काही सेकंदांत २०० मालिकेवर थेंब लालसर होतो आणि ३०४ वर तसा होत नाही. मुंबईत कुंभारवाडा-खेतवाडीच्या स्टील बाजारात किंवा औद्योगिक वसाहतींजवळ पीएमआय (धातूतले घटक ओळखणाऱ्या) यंत्राने तपासून देणारेही असतात. पिस्तुलासारखे ते यंत्र पाइपला टेकवले की क्रोमियम, निकेल, मँगनीज यांची टक्केवारी पडद्यावर येते. त्यासाठी मोजावे लागणारे पैसे सायलेन्सरच्या किमतीपुढे किरकोळ असतात.

पाइप सरळ व्यापाऱ्याकडून घेत असाल तर गिरणीचे टेस्ट सर्टिफिकेट मागावे आणि त्यावरचा हीट नंबर (धातूच्या त्या ओतीचा क्रमांक) पाइपवर छापलेल्या नंबराशी जुळवून पाहावा. कागदावर दोनच आकडे पाहिले तरी पुरे होते. निकेल ८ टक्क्यांच्या खाली असेल किंवा मँगनीज २ टक्क्यांच्या वर असेल, तर तो ३०४ नाही. तयार सायलेन्सर घेताना बाहेरचा पत्रा, आतली जाळीची नळी आणि दोन्ही झाकणे या तिन्हींचा ग्रेड वेगवेगळा विचारून बिलावर लिहून घ्यावा, कारण बाहेर ३०४ आणि आत साधे पोलाद हा मेळ मी स्वतः कापून पाहिला आहे.

जाडी आणि वाकवणे

व्यास मूळ पाइपइतकाच ठेवावा. मोठा व्यास म्हणजे जास्त ताकद हा समज लहान इंजिनाच्या बाबतीत चुकीचा ठरतो, आवाज मात्र नक्की वाढतो. जाडीसाठी कारखान्यात गेजची भाषा चालते: १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर आणि १६ गेज म्हणजे साधारण १.६. स्टेनलेसमध्ये मागच्या भागाला १.२ पुरते, आपल्या रस्त्यांवरचे गतिरोधक पाहता मधल्या पाइपला मी १.५ सुचवतो. दोन इंची स्टेनलेस पाइप १.५ जाडीत मीटरला सुमारे १.८ किलो भरतो आणि १.२ जाडीत सुमारे दीड किलो, म्हणजे पूर्ण गाडीवर फरक किलोभराच्या आसपास पडतो. तेवढ्यासाठी मधल्या भागात आखडता हात घेऊ नये. माइल्ड किंवा अॅल्युमिनाइज्ड असेल तर १.६ च्या खाली जाऊ नये, कारण तिथे गंज खाणार हे गृहीत धरूनच जाडी ठेवायची असते.

वाकवण मँड्रेलवर, म्हणजे पाइपच्या आत आधाराचा दांडा ठेवून, झालेली असावी. साध्या यंत्रावर वाकवलेला पाइप वळणावर चपटा होतो, आतल्या अंगाला सुरकुत्या पडतात आणि बाहेरच्या अंगाला पत्रा ताणून पातळ होतो. त्या सुरकुतीत पाणीही साचते. मँड्रेल उपलब्ध नसेल तर तयार बेंड विकत घेऊन सरळ पाइपला जोडावेत.

जोडकाम

माझे स्पष्ट म्हणणे असे की चांगल्या वेल्डरच्या हातचा ४०९ हा वाईट वेल्डरच्या हातच्या ३०४ पेक्षा जास्त टिकतो. स्टेनलेसचे काम टिग, म्हणजे आपण ज्याला आर्गन वेल्डिंग म्हणतो, त्यानेच करून घ्यावे. आणि आर्गन बाहेरून येतो तसा पाइपच्या आतूनही सोडायला हवा. तो आत नसेल तर वितळलेल्या धातूच्या मागच्या बाजूला हवा लागते आणि तिथे काळी, दाणेदार खपली तयार होते. बाहेरून वेल्ड मोत्याच्या माळेसारखा दिसतो आणि आतून तो पहिल्याच वर्षी गंजू लागतो. दुकान ठरवण्यापूर्वी त्यांच्याकडचा कोणताही कापलेला तुकडा मागून त्यात बोट घालून पाहावे. आतली रेघ गुळगुळीत आणि फिकट सोनेरी असेल तर निर्धास्त राहावे. बोटाला खरखरीत काजळी लागली तर दुसरे दुकान पाहावे.

भरणीची सळईही धातूला जुळणारी हवी. ३०४ साठी ईआर३०८एल, ३२१ साठी ईआर३४७, ३१६ साठी ईआर३१६एल, आणि स्टेनलेस पाइप साध्या पोलादाच्या फ्लँजला (दोन पाइप बोल्टने जोडणाऱ्या जाड पट्टीला) जोडायचा असेल तर ईआर३०९एल. साध्या लोखंडावर चालवलेला ब्रश किंवा घासण्याची चकती स्टेनलेसवर चालवू देऊ नये. लोखंडाचे कण त्यात रुतून बसतात आणि महिन्याभरात तिथे गंजाचे ठिपके उमटतात. वेल्डशेजारचा निळसर-काळा पट्टा पिकलिंग पेस्टने काढून धुऊन घ्यावा. ती पेस्ट जहाल आम्लाची असते, म्हणून ते काम घरी न करता हातमोजे वापरणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्यावे. गाडीवर फक्त टाके मारून माप पक्के करावे आणि पूर्ण वेल्ड खाली काढून टेबलावर करावा. टाके मारतानाही बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायला सांगावे, कारण वेल्डिंगचा प्रवाह गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला इजा करू शकतो.

छोटे भाग, ज्यांच्यावर सगळे टांगलेले असते

आडवे इंजिन असलेली गाडी रेस केली की इंजिन मागे-पुढे डुलते आणि ती हालचाल फ्लेक्झिबल पाइप सोसतो. त्याच्या बाहेरची जाळी सर्वांना दिसते, पण आत इंटरलॉक नळी (एकमेकांत अडकलेल्या कड्यांची लवचिक नळी) असलेलाच घ्यावा. आत नुसती जाळी असलेला स्वस्तात पडतो आणि लवकर फाटतो. फ्लँजसाठी किमान ८ मिलिमीटर जाडीची पट्टी असावी, पातळ फ्लँज तापून वाकते आणि गॅस्केट फुंकू लागते. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडा आवळला तर दोन्ही एकमेकांत जाम होऊन बसतात, म्हणून तांब्याची किंवा निकेलची अँटी-सीझ पेस्ट लावावी किंवा तांब्याचा मुलामा असलेले नट वापरावेत. हँगरची रबरे ईपीडीएमची घ्यावीत, आणि पाइपाच्या अगदी जवळ असलेल्या जागी सिलिकॉनची. सायलेन्सरच्या आतली भरण लांब धाग्याच्या काचलोकरीची किंवा बसाल्ट तंतूंची असावी आणि जाळीच्या नळीभोवती आधी स्टेनलेस लोकरीचा थर असावा, नाहीतर वायूचा झोत भरण हळूहळू उडवून नेतो आणि आवाज वर्षभरात मोकळा होतो. पाइपाला उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्याच्या फंदात रोजच्या गाडीवर पडू नये. ती पावसाचे पाणी आणि मीठ धातूला चिकटवून ठेवते.

यापेक्षाही एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते आणि तिला खर्च काहीच येत नाही. मागच्या सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या जागी दोन-तीन मिलिमीटरचे एक भोक असावे. मूळ सायलेन्सरवर ते अनेकदा असते आणि लोक ते गळती समजून बुजवतात. माझ्या सडलेल्या सायलेन्सरला ते नव्हतेच. नवा करून घेताना मी ते मागून घेतले आणि सायलेन्सर त्या भोकाकडे किंचित उतरता बसवायला सांगितला. आता सकाळी गाडी सुरू केली की पहिल्या मिनिटात त्याच्याखाली फरशीवर रुपयाएवढा ओला डाग पडतो. जे पाणी आत बसून पत्रा खात होते ते हेच.

बसवल्यानंतर

गाडी थंड असताना सुरू करून टेलपाइप कापडाने दोन-तीन सेकंद दाबून धरावा आणि दुसऱ्याने खाली प्रत्येक जोडापाशी कान द्यावा. फुस्स असा आवाज आला तर तो जोड परत करून घ्यावा. केबिनखालची गळती क्षुल्लक मानू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पहिल्या २००-३०० किलोमीटरनंतर, पूर्ण थंड असताना, सर्व नट पुन्हा आवळावेत. कुठे पाइप बॉडीला, हँडब्रेकच्या केबलला किंवा इंधनाच्या नळीला टेकत नाही ना, हे एकदा थंड आणि एकदा लांब फेरीनंतर पाहावे. त्या दहा मिलिमीटरच्या वाढीनंतरही सगळीकडे बोटभर अंतर राहायला हवे. नवे पीयूसी प्रमाणपत्र त्याच आठवड्यात काढून घ्यावे.

पुढे दर दिवाळीला, पाऊस पुरता ओसरला की, गाडी रॅम्पवर चढवून पेचकसाच्या लाकडी मुठीने सायलेन्सर खालच्या कडेने ठोकत जावे. शाबूत पत्रा ठण्ण वाजतो, आतून खाल्लेला पत्रा भद्द वाजतो. भद्द आवाज आला त्या जागेवर खडूने खूण करून तिचा फोटो काढून ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षी ती जागा किती पसरली हे कळते.